निरोप आणि इशारा

एका विषाणूने पछाडलेल्या प्राण्याला त्याच वेळी दुसरा विषाणू सहसा बाधत नाही, हे प्रयोगशाळांमधून बऱ्याच जणांच्या लक्षात आलं होतं. १९३७ साली लंडनमध्ये फिंडले आणि मॅकॅलम या दोघांनी त्याचा ठसठशीत दाखला दिला. रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणू टोचलेली माकडं पीतज्वराच्या विषाणूतून वाचली. या दोन रोगांचं एकमेकांशी काही नातं नाही. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यावर चालण्याचं कारण नाही. शिवाय प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात आणि हे संरक्षण त्याच्या कितीतरी आधी हजर होत होतं. म्हणजे पेशी स्वतःच काहीतरी करत होती. पण काय करत होती, आणि तिला सुगावा कशाचा लागत होता?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला साठ-सत्तर वर्षं लागली. आरएनए हा पेशीतला निरोप आहे, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. डीएनएमध्ये लिहिलेली माहिती प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत तो नेतो. तोच आरएनए संकटाचा इशाराही आहे, हे मात्र फार उशिरा आणि तुकड्या-तुकड्याने कळलं. निरोपाचा अभ्यास करणारे आणि इशाऱ्याचा अभ्यास करणारे वेगवेगळ्या इमारतींत बसत, वेगवेगळ्या नियतकालिकांत लिहीत. ते जेव्हा जेव्हा एकत्र आले, तेव्हा तेव्हा या कथेने वळण घेतलं.

१९५६ साली ज्याँ लिंडेनमान हा तरुण स्विस संशोधक लंडनच्या उत्तरेला मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत आला. अ‍ॅलिक आयझॅक्स हे मूळचे ग्लासगोचे विषाणूतज्ज्ञ तिथे इन्फ्लुएन्झावर काम करत होते. दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांवर उष्णतेने मारलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सोडला. मग ते तुकडे धुऊन ताज्या द्रवात ठेवले. नंतर तुकडे बाजूला काढून नुसता तो द्रव नव्या, विषाणू न पाहिलेल्या तुकड्यांना दिला. त्या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू वाढेना. पहिल्या पेशींनी काहीतरी बाहेर सोडलं होतं आणि ते शेजारणींना सावध करत होतं. १९५७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्या पदार्थाला इंटरफेरॉन म्हटलं. टोकियोत नागानो आणि कोजिमा यांना १९५४ मध्येच असा विषाणूरोधक घटक दिसला होता. त्यांनी तो फ्रेंचमध्ये छापला आणि त्याची दखल फारच थोड्यांनी घेतली. इतिहासात त्यांचं नाव कंसात टाकलं जातं, ते मला पटत नाही.

इंटरफेरॉन इतक्या अल्प प्रमाणात मिळे की कित्येकांना तो भासच वाटला. अमेरिकेत काहींनी त्याला ‘इमॅजिनॉन’ म्हणून हिणवलं. आयझॅक्स मात्र पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. मेलेला विषाणूसुद्धा पेशीला जागं करतो, तर मग पेशी त्याच्यात ओळखते काय? १९६३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की पेशीला परक्या न्यूक्लिक आम्लाचा, म्हणजे परक्या डीएनएचा किंवा आरएनएचा, वास लागत असावा. पुरावा कच्चा होता आणि ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६७च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी आयझॅक्स गेले. त्यांचा अंदाज जवळपास बरोबर होता, हे त्याच वर्षी सिद्ध झालं.

ते कसं झालं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रिचर्ड शोप हे अमेरिकी विषाणूतज्ज्ञ पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर होते. दमट हवा, बुरशी प्रत्येक वस्तूवर. त्यांच्या पत्नीच्या, हेलनच्या, फोटोवरच्या पारदर्शक आवरणावरही बुरशी चढली. शोप यांनी ती पुसून टाकली नाही, वाढवली. पेनिसिलियम जातीच्या त्या बुरशीचा अर्क काही विषाणूंपासून उंदरांना वाचवतो, असं त्यांना आढळलं. १९५३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि अर्काला पत्नीच्या नावावरून हेलेनिन म्हटलं. पण अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे कळेना.

पुढे मर्क कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेत मॉरिस हिलमन यांच्या गटाने हेलेनिन पुन्हा हाती घेतलं. हिलमन म्हणजे गालगुंडासकट कितीतरी लसींचे जनक, चिकाटीचा माणूस. अर्क गाळत, वेगळा करत ते शेवटी ज्या पदार्थापाशी पोचले तो होता दुपदरी आरएनए. त्यांनी मग प्रयोगशाळेत कृत्रिम दुपदरी आरएनए वापरून पाहिला. त्यातली एक साखळी एका घटकाची, दुसरी दुसऱ्याची. त्यात कुठल्याही प्रथिनाचा निरोप नाही, कसलाच अर्थ नाही. तरीही त्याने भरपूर इंटरफेरॉन निघालं. १९६७ साली हे शोधनिबंध आले. बुरशीत दुपदरी आरएनए आला कुठून, याचाही उलगडा थोड्याच काळात झाला. असल्या बुरशींना स्वतःचेच विषाणू असतात.

आपल्या पेशीतला आरएनए बहुतांशी एकपदरी असतो. जागोजागी तो स्वतःवरच दुमडतो, पण लांबच लांब दुपदरी आरएनए पेशीला बनवावा लागत नाही. आरएनए विषाणूला मात्र स्वतःच्या प्रती काढताना त्या अवस्थेतून जावंच लागतं. एका साखळीवरून दुसरी उतरवताना दोन्ही काही काळ एकमेकींना बिलगून असतात. त्यामुळे पेशीने विषाणूचा मजकूर वाचायची गरजच नव्हती, आकार पुरेसा होता. मला हेलेनिनचा शोध या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. रेणूत काय लिहिलं आहे आणि तो दिसतो कसा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा उघड झालं.

सत्तरच्या दशकात मिल हिलमध्येच इयन कर आणि सहकाऱ्यांनी पुढचा धागा पकडला. इंटरफेरॉन मिळालेल्या पेशींचा रस घेऊन त्यात किंचित दुपदरी आरएनए टाकला, की प्रथिनं बनणं बंद पडे. दोन यंत्रणा सापडल्या. एका विकरामुळे प्रथिन बनवायचं यंत्रच थांबतं. दुसरं विकर एक विचित्र छोटा रेणू तयार करतं. नेहमीच्या आरएनएहून त्याची जोडणी वेगळी. तो रेणू पेशीतली एक कात्री जागी करतो आणि ती दिसेल तो आरएनए तोडत सुटते, विषाणूचा आणि स्वतःचाही. १९७८ पर्यंत त्या रेणूची रचना समजली, आणि जगातल्या अनेक प्रयोगशाळा औषधाच्या आशेने तो कृत्रिमरीत्या बनवू लागल्या. हंगेरीतल्या सेगेद गावच्या जीवशास्त्र संशोधन केंद्रात या कामावर एक तरुणी होती. तिचे वडील खाटीक, घर लहानशा गावातलं. नाव कातालिन कारिको. १९८५ साली तिथला निधी आटला. गाडी विकून आलेले सुमारे ९०० पौंड दोन वर्षांच्या मुलीच्या टेडी अस्वलात शिवून तिचं कुटुंब फिलाडेल्फियाला गेलं. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दरम्यान इंटरफेरॉन औषध म्हणून आलं. फिनलंडमध्ये कारी कांटेल यांनी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींतून ते वर्षानुवर्षं काढलं. १९८०च्या सुमारास जनुक अभियांत्रिकीने ते जिवाणूंकडून मुबलक बनू लागलं. कर्करोगावर रामबाण म्हणून गाजावाजा झाला, तो टिकला नाही. हिपॅटायटिसवर आणि काही रक्ताच्या कर्करोगांवर मात्र ते अनेक वर्षं उपयोगी पडलं. रुग्णांना ताप यायचा, हुडहुडी भरायची, अंग दुखायचं. आधी हा दोष औषधातल्या भेसळीला दिला जाई. शुद्ध इंटरफेरॉन टोचल्यावरही तेच झालं. फ्लूत आपल्याला जी कणकण येते तिच्यात विषाणूइतकाच, कदाचित जास्तच, आपल्या स्वतःच्या संदेशांचा हात असतो.

इथे दाहाचा प्रश्न समोर येतो. गरम होणं, लाल होणं, सुजणं, दुखणं. संसर्गाच्या जागी हे व्हायलाच हवं. पण ते थांबायलाही हवं. ऐंशीच्या दशकात दाह पेटवणारा मुख्य संदेशवाहक हाती आला : टीएनएफ. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये तो गाठी मारणारा घटक म्हणून सापडला होता. १९८५ साली ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवलं, की दीर्घ आजारात माणसाला खंगवणारा आणि जंतुदोषात रक्तदाब कोसळवणारा पदार्थ हाच. १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एनएफ-कप्पाबी हे प्रथिन सापडलं. पुढे कळलं, की धोक्याची वर्दी मिळताच हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफसारखी शेकडो जनुकं चालू करतं.

चालू कसं होतं ते समजलं. बंद कसं होतं? याचं उत्तर आरएनएच्या शेपटीत होतं. १९८६ साली बॉयटलर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की टीएनएफ आणि त्याच्या भाऊबंदांच्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटी, प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतर, ए आणि यू या दोन अक्षरांचीच रांग पुन्हापुन्हा येते. त्याच वर्षी शॉ आणि कामेन या दोघांनी अशीच ५१ अक्षरांची रांग उचलून सशाच्या हिमोग्लोबिनच्या आरएनएला जोडली. हिमोग्लोबिनचा निरोप एरवी चिवट, बराच वेळ टिकणारा. ही शेपूट लागताच तो झटपट नष्ट होऊ लागला. फळ्यावर खडूने लिहिलेल्या सूचनेसारखा हा प्रकार आहे. काम झालं की कुणीतरी येऊन पुसणार, हे लिहितानाच ठरलेलं असतं.

पुसणारा कोण, हे १९९६ साली नॉर्थ कॅरोलायनात पेरी ब्लॅकशियर यांच्या प्रयोगशाळेत समजलं. ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाच्या एका प्रथिनाचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले तेव्हा अगदी धडधाकट दिसत होते. काही आठवड्यांत त्यांचं वजन घटू लागलं, सांधे सुजले, कातडीवर दाह उठला. टीएनएफला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं दिली की यातलं जवळजवळ सगळं टळे. ते प्रथिन एयू रांगेला धरून निरोप नष्ट करवत होतं. १९९९ साली अथेन्समधल्या पाश्चर संस्थेत कोंटोयानिस, कोलियास आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने प्रयोग केला. त्यांनी टीएनएफच्या जनुकातली नेमकी ती रांग कापली. प्रथिनाच्या मजकुरातलं एकही अक्षर बदललं नव्हतं. त्या उंदरांना संधिवात झाला, आणि आतड्यात माणसाच्या क्रोन आजारासारख्या जखमा झाल्या. तोवर लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांच्या प्रयत्नांतून टीएनएफविरोधी औषध संधिवाताच्या रुग्णांपर्यंत पोचलं होतं. आज आपल्या शहरांतल्या संधिवाततज्ज्ञांकडेही ही इंजेक्शनं मिळतात. निरोप बरोबर असूनही तो वेळेवर पुसला गेला नाही म्हणून शरीर मोडू शकतं, हे त्या अथेन्सच्या उंदरांनी शिकवलं.

इशारा ओळखणारे पहारेकरी कोण, हे अजून कळलं नव्हतं. येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली आपल्याच क्षेत्राला खडसावलं. नुसतं शुद्ध प्रथिन टोचून प्रतिकार जागा होत नाही, सोबत मेलेल्या जिवाणूंचे अवशेष द्यावे लागतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला त्यांनी प्रतिकारशास्त्राचं घाणेरडं गुपित म्हटलं. पेशींवर जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राहक असलेच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मॉस्कोत शिकणाऱ्या रुस्लान मेद्झितोव यांनी तो लेख वाचला आणि ते येलला जेनवेंकडेच आले. १९९६ साली स्त्रासबुर्गमध्ये ज्यूल ऑफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी दाखवलं, की ‘टोल’ नावाचं जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे हतबल होते. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे तंतू केसांसारखे उगवलेलं ते छायाचित्र जगभर गाजलं. वर्षभरात जेनवे आणि मेद्झितोव यांनी माणसातला टोल शोधला. १९९८ साली बॉयटलर यांनी जिवाणूंच्या विषाचा ग्राहक टोलच्याच कुळातला असल्याचं सिद्ध केलं.

मग २००१ साली, हिलमन यांच्या प्रयोगानंतर ३४ वर्षांनी, दुपदरी आरएनएचा ग्राहक सापडला : टोलसदृश ग्राहक क्रमांक ३. २००४ मध्ये सातवा आणि आठवा एकपदरी आरएनए ओळखतात असं कळलं. हे तिन्ही ग्राहक पेशीच्या आतल्या पिशव्यांत बसतात. बाहेरून गिळलेल्या मालाची तिथे झडती होते. खुद्द पेशीद्रवात फिरणारे पहारेकरी आणखी निराळे निघाले. जपानमध्ये ताकाशी फुजिता यांच्या गटाने २००४ साली रिग-आय शोधला. आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट उघडे राहिले असतील तर तो ते हेरतो, हे २००६ मध्ये समजलं. आपले निरोप केंद्रकातून निघण्याआधीच त्या टोकावर टोपी चढवली जाते. घाईत प्रती काढणाऱ्या बऱ्याच विषाणूंकडे ती नसते. थोडक्यात, आरएनए कुठे आहे, त्याचा आकार कसा आहे आणि त्यावर घरच्या खुणा आहेत की नाहीत, या तीन गोष्टींवर पेशी निवाडा करते.

याच काळात, या साऱ्याशी काही संबंध नसलेल्या वाटेने, आणखी एक शोध आला. मातीतल्या एक मिलिमीटरच्या कृमीवर काम करणाऱ्यांना एखादं जनुक गप्प करायचं तर त्याच्या निरोपाची उलट साखळी टोचावी, असं माहीत होतं. १९९५ साली कॉर्नेलमध्ये दिसलं, की तुलनेसाठी घेतलेली सुलट साखळीही तेच करते. त्यात काही अर्थ नव्हता. बाल्टिमोरचे अँड्र्यू फायर आणि वूस्टरचे क्रेग मेलो यांना शंका आली, की दोन्ही नमुन्यांत थोडा दुपदरी आरएनए भेसळ म्हणून उतरत असावा. मुद्दाम दुपदरी आरएनए टोचला तर स्नायूचं एक जनुक बंद पडून कृमी थरथरू लागे, आणि त्याला प्रत्येक पेशीमागे अगदी थोडे रेणू पुरत. १९९८चा हा शोध, २००६चं नोबेल.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र ही युक्ती चालेना. लांब दुपदरी आरएनए टाकला की इंटरफेरॉनचा गदारोळ, सगळीच प्रथिनं बंद, पेशी मरायला टेकलेली. मिल हिलच्या लोकांना हे पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. कृमीवाल्यांना ते आता भोवलं. २००१ साली गटिंगेनमध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने वाट काढली. २१ अक्षरांचे आखूड तुकडे वापरले, तर इशाऱ्याची यंत्रणा सहसा जागी होत नाही आणि नेमकं हवं ते जनुक गप्प होतं. औषध कंपन्या धावल्या. डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या आजारावर असे तुकडे रुग्णांवर अजमावले जाऊ लागले. मग २००८ साली केंटकीत जयकृष्ण अंबाती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदरांच्या डोळ्यांत हे तुकडे ज्या जनुकासाठी बनवले होते त्यामुळे नव्हे, तर टोल-३ ला चेतवून काम करत होते. कुठलाही मजकूर असलेला तुकडा तोच परिणाम देई. एका हाताने निरोप पुसायला जावं आणि दुसऱ्या हाताने इशारा वाजावा, असं झालं होतं. या धड्यानंतर या तुकड्यांवर रासायनिक बदल करणं काटेकोरपणे होऊ लागलं. पहिलं औषध २०१८ साली मान्य झालं.

आपल्या पेशीही स्वतःचे असे आखूड आरएनए बनवतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी १९९३ मध्ये कृमीत त्यांचं पहिलं उदाहरण दाखवलं. त्यासाठी २०२४ साली त्यांना नोबेल मिळालं. दाहाशी त्यांचा संबंध २००६ साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्याच कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत जुळला. जिवाणूचं विष लागताच एनएफ-कप्पाबी मिआर-१४६ हा सूक्ष्म आरएनए चालू करतं. आणि हा सूक्ष्म आरएनए ज्या प्रथिनांनी टोलची वर्दी पुढे नेली, त्यांच्याच निरोपांवर बसून त्यांना दाबतो. वणवा पेटवणारी यंत्रणा विझवायचं पाणीही त्याच क्षणी मागवते.

आता पुन्हा फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कारिको यांचा ध्यास एकच होता : निरोपाचा आरएनए बनवायचा, पेशीला द्यायचा, हवं ते प्रथिन तिच्याकडूनच बनवून घ्यायचं. अनुदानाचे अर्ज फेटाळले जात होते. १९९५ साली त्यांची पदावनती झाली. १९९७च्या सुमारास झेरॉक्स मशीनपाशी ड्र्यू वाइसमन यांची गाठ पडली. ते प्रतिकारशास्त्रज्ञ, त्यांना एचआयव्हीवर लस हवी होती. कारिको यांनी आरएनए बनवून दिला, वाइसमन यांनी तो प्रतिकारयंत्रणेच्या पेशींवर टाकला. प्रथिन बनलं. त्याबरोबर पेशी खवळल्या आणि त्यांनी टीएनएफ सोडला. लस शोधणाऱ्याला यात सुरुवातीला बरं वाटलं असेल. पण आजारी माणसाला प्रथिन पुरवण्यासाठी आरएनए वापरायचा, तर हा दाह परवडणारा नव्हता.

नेहमीच्या काळजीपूर्वक पद्धतीने त्यांनी तुलनेसाठी निरनिराळे आरएनए घेतले. जिवाणूंचा आरएनए पेशींना भडकवत होता. सस्तन प्राण्यांचा बराच कमी. आणि अमिनो आम्लं वाहून नेणारा टीआरएनए अगदी शांत. टीआरएनएचं वैशिष्ट्य जुन्या जीवरसायनशास्त्रज्ञांना तोंडपाठ होतं. त्यातली कितीतरी अक्षरं मूळ स्वरूपात नसतात, त्यांवर बारीक रासायनिक बदल झालेले असतात. त्यांतलं स्यूडोयुरिडीन १९५१ पासून माहीत होतं. त्या बदलांचा उपयोग काय, हा प्रश्न मात्र कित्येक वर्षं पडून होता. कारिको आणि वाइसमन यांनी संदेशवाहक आरएनए बनवतानाच यू या अक्षराच्या जागी स्यूडोयुरिडीन घातलं. पेशी शांत राहिल्या. टोल-७ आणि ८ यांना हा आरएनए घरचाच वाटला. २००५ साली शोधनिबंध आला आणि जवळजवळ कुणीही त्याकडे वळून पाहिलं नाही. २००८ मध्ये कळलं, की अशा आरएनएपासून प्रथिनही जास्त बनतं. २०१० मध्ये एक कारण समजलं : मिल हिलने शोधलेलं, प्रथिनाचं यंत्र थांबवणारं ते पहिलं विकर आता जागं होत नाही. २०११ मध्ये त्यांनी नमुन्यातली दुपदरी भेसळही गाळून काढली. सेगेदच्या तरुणपणी ज्या यंत्रणेवर काम केलं, तिचीच जोडीदार यंत्रणा कारिको यांना पंचवीस वर्षांनी भेटली, या वेळी अडसर म्हणून. ती त्यांना आतून ओळखीची होती, म्हणूनच त्या तिच्याशी निपटू शकल्या, असं मला वाटतं.

२०२०च्या कोविड साथीतलं बाकीचं सर्वांना ठाऊक आहे. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना या दोन्ही लसींत स्यूडोयुरिडीनचाच सुधारलेला भाऊ होता. मोठ्या चाचण्यांत दोन्हींची परिणामकारकता ९५ टक्क्यांच्या आसपास निघाली. जर्मनीच्या क्युरव्हॅकने अक्षरं न बदलता, साध्या आरएनएची लस केली. २०२१च्या मध्यात तिचा आकडा ४८ टक्के आला. तोवर विषाणूची नवी रूपं पसरली होती, त्यामुळे ही तुलना सरळ लावता येत नाही. पण त्यांना मात्राही फक्त १२ मायक्रोग्रॅम ठेवावी लागली. फायझरची ३० आणि मॉडर्नाची १०० होती. साधा आरएनए जास्त दिला तर ताप आणि अंगदुखी सोसवत नाही. कारिको आणि वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळालं.

इशारा पूर्ण बंद करणं मात्र लसीला चालत नाही. स्टॅनफर्डमधल्या बाली पुलेंद्रन यांच्या गटाने २०२२ साली उंदरांत दाखवलं, की फायझरच्या लसीनंतर मारक टी-पेशी नीट तयार व्हायच्या तर पेशीद्रवातला एमडीए-५ हा आरएनए ओळखणारा पहारेकरी आणि इंटरफेरॉन लागतातच. पुण्याच्या जेनोव्हाने बनवलेली आणि जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्य झालेली भारताची पहिली आरएनए लस या दृष्टीने विशेष आहे. ती २ ते ८ अंशांत टिकते, म्हणजे आपल्या साध्या लसीकरण केंद्राच्या फ्रिजमध्ये. तिच्यातला आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो, म्हणून कमी मात्रा पुरते. पण त्या प्रती पेशीतल्या साध्या अक्षरांच्या असतात आणि दुपदरी अवस्थेतून जातात. फिलाडेल्फियाची युक्ती तिथे फारशी पुरत नाही. इशारा किती वाजू द्यायचा, हे अशा प्रत्येक लसीसाठी नव्याने बसवावं लागतं.

या इतिहासाची सर्वांत क्लेशकारक बाजू लहान मुलांच्या दवाखान्यात आहे. १९८४ साली ज्याँ एकार्दी आणि फ्राँस्वाज गुतिएर या फ्रेंच डॉक्टरांनी आठ बाळांचं वर्णन केलं. मेंदूत चुना साठलेला, हातपाय ताठ, वाढ खुंटलेली. गर्भातच विषाणूचा संसर्ग झाल्यासारखं चित्र, पण विषाणू सापडेना. १९८८ मध्ये पियेर लबों यांना त्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात भरपूर इंटरफेरॉन आढळलं. पुढे यानिक क्रो आणि इतरांनी एकामागून एक दोषी जनुकं शोधली. त्यांतलं २०१२ साली सापडलेलं जनुक एडीएआर-१ या विकराचं. आपल्या जनुकसंचात पुन्हापुन्हा येणारे क्रम आहेत. त्यांचे आरएनए एकमेकांना जुळून दुपदरी होतात. एडीएआर-१ त्यांतली काही अक्षरं बदलून ती जोडी सैल करतं. ते नसेल तर एमडीए-५ ला स्वतःचाच आरएनए विषाणूचा वाटतो. बाळाचं शरीर नसलेल्या शत्रूशी जन्मभर लढत राहतं.

इंटरफेरॉनची वर्दी पेशीत पुढे कशी जाते, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स डार्नेल, जॉर्ज स्टार्क आणि मिल हिलवाले इयन कर यांच्या गटांनी उलगडलं होतं. त्या साखळीतली जॅक नावाची विकरं अडवणाऱ्या गोळ्या संधिवातासाठी आल्या. २०२० साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला लागूनच असलेल्या फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातल्या अ‍ॅडेलिन व्हँडर्व्हर आणि सहकाऱ्यांनी त्यांतलं बॅरिसिटिनिब हे औषध एकार्दी आणि गुतिएर यांनी वर्णन केलेल्या आजाराच्या ३५ रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. मेंदूचं झालेलं नुकसान भरून आलं नाही. पण त्यांतल्या अनेक मुलांनी वाढीचे काही नवे टप्पे गाठले.